एका रवणाला चार अक्षरं

मी पहिल्यांदा कोंबडी हातात धरली तेव्हा पस्तीस वर्षांची होते आणि विषाणूंच्या अभ्यासात पीएचडी होते. आमचं घराणं नगरचं, तीन पिढ्या मास्तरांची. घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नाही. बाबा गणित शिकवायचे, आणि कोंबडी हा प्राणी आमच्याकडे फक्त 'एका टोपलीत बारा कोंबड्या' अशा उदाहरणातून यायचा. अशा घरातली मी, नीलांबरी, नेवासा तालुक्यातल्या एका अंगणात पांढरा झगा, मास्क आणि हातमोजे चढवून कोंबडीच्या मागे धावत होते, आणि अंगणाची मालकीण ओट्यावर बसून पोट धरून हसत होती.

"डॉक्टरीणबाई, तिच्या म्होरून नका जाऊ, मागनं जा. आन ते भुताचं कापड काढा आंगावरचं, भेती ती."

ही छबूबाई. पंचावन्नच्या पुढची, बारीक चणीची, आवाज मात्र अख्ख्या वस्तीला पुरेल एवढा. शेवटी तिनंच उठून कोंबडी एका हातात उचलली, पंख काखेत दाबले आणि चोच माझ्यासमोर धरली. "घ्या, काय घ्यायचं ते." मी घशातून कापसाची काडी फिरवली आणि नळीत ठेवली. आमच्यासोबत असलेला सुनील, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातला पर्यवेक्षक, नळीवर क्रमांक घालता घालता तोंड फिरवून हसत होता. त्याला मी तेव्हाच मनातल्या मनात काळ्या यादीत टाकलं.

गावाचं नाव मी सांगणार नाही. कोंबड्यांच्या रोगावरून गावांची बदनामी फार झटकन होते आणि मग दहा वर्षं पुसली जात नाही. एवढंच सांगते, की जायकवाडीचं पाणी हिवाळ्यात मागे सरकतं तेव्हा या गावाची गाळाची जमीन उघडी पडते आणि लोक तिच्यात हरभरा-गहू पेरतात. गाळपेर म्हणतात तिला. त्याच गाळात नोव्हेंबरपासून पाहुणे उतरतात. ते पाहुणेच आमच्या कामाचं कारण होते.

फ्लूचा विषाणू मुळात पाणपक्ष्यांचा. त्यांच्या पोटात तो सुखानं राहतो, विष्ठेतून बाहेर पडतो, कोंबडीला लागतो, आणि कधी कधी कोंबडीतून माणसाकडे येतो. कधी, कसा, कुठल्या वाटेनं, हे आम्हाला शोधायचं होतं. हंसांची विष्ठा, कोंबड्यांचे घसे आणि माणसांचं रक्त, अशी तीन टोकं घेऊन मी तीन हिवाळे या भागात फिरत होते.

तिसऱ्या हिवाळ्यातल्या नोव्हेंबरात छबूबाईचे यजमान कारभारी मला भल्या पहाटे गाळपेरीवर घेऊन गेले. धुकं होतं. आधी आवाज आला, नाकात बोलल्यासारखा, शेकडो गळ्यांतून एकदम. मग धुकं फिटलं आणि हरभऱ्याच्या कोवळ्या रोपांत चरणारे पट्टकादंब हंस दिसले. करडं अंग, पांढरं डोकं, डोक्यामागे काजळाच्या दोन रेघा. एकाच्या गळ्यात हिरवी पट्टी होती. दुर्बिणीतून तिच्यावरची अक्षरं वाचली आणि नंतर ताडून पाहिलं, ती मंगोलियातल्या एका तळ्यावर घातलेली होती. म्हणजे हा जीव हिमालयावरून आला होता, जिथे माणसाला श्वास घ्यायला नळकांडं लागतं तिथून, पंख मारत, आणि आता कारभारींचा हरभरा खात होता.

"आमचं दरसालचं गिऱ्हाईक," कारभारी म्हणाले. "डबा वाजवून हाकलतो. पर मारीत न्हाई कुनी. इतक्या लांबनं आल्यालं."

मला रडू आलं होतं, आणि पीएचडी झालेल्या बाईनं हरभऱ्यात उभं राहून रडणं बरं दिसत नाही. कारभारींनी परतताना काठावरचं मऊ गवत भाराभर कापून डोक्यावर घेतलं. मी ते पाहिलं आणि विसरून गेले. तीन महिन्यांनी ते मला असं आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

छबूबाईच्या अंगणात एक कोंबडी वेगळी होती. कवड्यांसारखे पांढरे ठिपके अंगभर, म्हणून तिचं नाव कवडी. त्या नोव्हेंबरात मी गेले तेव्हा ती खुडूक होती. खुडूक म्हणजे अंडी घालायचं थांबवून, अंग फुगवून, कुणी जवळ आलं की खुडखुड करत जागेला चिकटून बसलेली कोंबडी. अशीच्या खाली अंडी ठेवली की एकवीस दिवसांत पिल्लं निघतात. त्या बैठकीला रवण म्हणतात. ही सगळी विद्या मला छबूबाईनं ओट्यावर बसवून शिकवली.

"कवडीच्या रवणाला एक अंडं वाया जात न्हाई," तिनं सांगितलं. "तेरा ठिवा, तेरा घ्या. अशी कोंबडी पंचक्रोशीत न्हाई."

आणि खरंच, तशी तिची ख्याती होती. गाळपेरीवरच्या त्या पहाटेनंतर दहा-बारा दिवसांनी मी तिच्याही घशातून काडी फिरवली. तिनं मला चोच मारली.

डिसेंबरात पुन्हा गेले तर कवडी नव्हती. "बोक्यानं न्हेली," छबूबाई म्हणाली आणि पदराचं टोक डोळ्याला लावलं. मला वाईट वाटलं. सुनील खाली मान घालून नळ्या मोजत राहिला. त्याला तेव्हाच शंका आली होती, असं तो नंतर म्हणाला. गावात वाढलेल्या माणसाला कोंबडीसाठी आलेलं खरं रडू आणि खोटं रडू यातला फरक कळतो. मला फक्त विषाणूंतला कळतो.

पुण्याच्या प्रयोगशाळेत नोव्हेंबरातल्या नळ्या उघडल्या तेव्हा दोन ठिकाणी विषाणू सापडला. एक हंसांच्या विष्ठेत, एक छबूबाईच्या कोंबड्यांत. दोन्ही एकच. एच-नाइन जातीचा, मवाळ. यानं कोंबड्या मरत नाहीत, नाकं गळतात आणि अंडी कमी होतात. दुसरा जहाल प्रकार निघाला असता तर किलोमीटरभरातल्या सगळ्या कोंबड्या मारायला लागल्या असत्या. तो नव्हता म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला.

विषाणू म्हणजे एक मजकूर असतो, तेरा हजारांहून थोडी जास्त अक्षरं. तो स्वतःची नक्कल करत सुटतो आणि नकलनवीस इतका गबाळा, की आठवड्याला एखाददुसरं अक्षर चुकवतो. चुकलेलं अक्षर पुढच्या सगळ्या नकलांत तसंच जातं. त्यामुळे दोन मजकूर शेजारी ठेवले की कोण कुणापासून निघाला आणि किती दिवसांपूर्वी, हे काढता येतं. त्याची वंशावळ मांडता येते, झाडासारखी. हंस आणि छबूबाईची कोंबडी यांच्यात फक्त तीन अक्षरांचा फरक होता.

डिसेंबराच्या मध्यात सोनईजवळच्या एका वस्तीवरच्या कोंबडीत तोच निघाला. चार अक्षरं पुढे गेलेला. ठीक आहे, सोनई काही फार लांब नाही. पण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिसगावच्या बाजारात विकायला आलेल्या एका कोंबड्यात तो सापडला, सोनईच्या फांदीवरच, आणखी अकरा अक्षरं पुढे. तिसगाव कुठे, पाथर्डीकडची कोरडी माती, तिथे हंस कशाला उतरतोय! आणि त्या अकरांतलं एक अक्षर वाईट होतं. ते बदललं की विषाणूला माणसाच्या घशाला धरायला सोपं जातं. बाजारात कोंबडा विकणारी बाई कोण होती ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. म्हणजे तिसगावच्या आसपास कुठल्या तरी घरात तो होता, माणसाच्या उंबऱ्यापर्यंत पोचलेला, आणि ते घर मला माहीत नव्हतं.

माझ्याकडे सिद्धान्त तयार होता. पिल्लं विकणारे टेम्पो. सोनईहून तिसगावला पिंजरे घेऊन जाणारे, न धुतलेले, विषाणूची फिरती धर्मशाळा. मी नऊ दिवस टेम्पोवाल्यांच्या मागे लागले. पिंजरे खरवडले, चाकांच्या चिखलाच्या नळ्या भरल्या, एका चालकाशी भर चौकात भांडले. सगळ्या नळ्या कोऱ्या निघाल्या. सुनील दोनदा म्हणाला, "मॅडम, बायकांना विचारू." मी त्याला म्हणाले, बायका टेम्पो चालवत नाहीत. हे वाक्य मी बोलले, आणि ते नऊ दिवस मी वाया घालवले, हे मला इथे लिहिलंच पाहिजे.

दहाव्या दिवशी दुपारी दमून छबूबाईच्या ओट्यावर टेकले. तिनं चहा ठेवला. मी झाडाचा कागद पसरून बसले होते, नुसतीच बघत. ती चहा घेऊन आली आणि कागदाकडे वाकली.

"ह्ये काय?"

मी सांगितलं. हे तळ्यावरचे हंस. ही तुमची कोंबडी. ही आडवी रेघ सोनईला जाते, चार अक्षरांची, म्हणजे साधारण तीन आठवडे लागले. ही दुसरी रेघ तिसगावला, तिथला माणसालाही धरू शकतो. रेघ जितकी लांब तितके दिवस जास्त.

तिनं सोनईच्या रेघेवर तर्जनी आडवी ठेवली. बरोबर एक पेर भरलं. "तीन हप्ते म्हंजे एक रवण," ती पुटपुटली. मग बोट सरकवत दुसरी रेघ मोजायला लागली, चोळीचं कापड मोजावं तशी. एक पेर. दोन पेरं. तिसरं भरायला थोडं कमी पडलं.

"आठ हप्ते," छबूबाई म्हणाली.

मी कप ओट्यावर ठेवला. आठ आठवडे हा हिशेब पुण्यातल्या यंत्रानं एक रात्र आणि एक दिवस खाऊन काढला होता आणि मी तो तिला सांगितला नव्हता.

"सहा मिरीला," ती म्हणाली. तिची नजर कागदावर होती, पण ती कागद बघत नव्हती. "आन दोन..." आणि थांबली.

मी कागदावर बघितलं. मिरी हे गाव माझ्या झाडावर नव्हतंच. तिथून आम्ही एकही नळी घेतली नव्हती. सोनईहून तिसगावला जाताना ते वाटेत लागतं.

"मावशी," मी म्हणाले, "मिरीला कोण सहा आठवडे होतं?"

ती पदराशी चाळा करत राहिली. मग उलट मलाच विचारलं, "माणसाला धरतो म्हनला न्हवं तुमी? कुनाला धरतो?"

"खुराडं झाडणाऱ्याला. कोंबड्यांचं जो करतो त्याला. बहुतेकांना साधा सर्दी-खोकला होऊन जातो. पण म्हातारं माणूस असलं, किंवा एखादी पोटुशी बाई..."

छबूबाईनं उठून चपला पायात सरकवल्या. "माजी थोरली, ज्योती, झाडती खुराडं," ती म्हणाली. "आठवा लागलाय तिला. नऊ दिस झालं, फोनवर खोकती. मी म्हनलं, काढा घे."

मग सगळं बाहेर आलं. कवडीला बोक्यानं नेलं नव्हतं. कवडी माहेरवाशिणीसारखी फिरायला गेली होती. नोव्हेंबरअखेर ती सोनईला छबूबाईच्या बहिणीकडे, मुक्ताबाईकडे गेली, एका रवणासाठी. खुडूक कोंबडी एकमेकींना द्यायची इकडच्या बायकांची जुनी रीत. ज्या घरी कोंबडी बसते ते घर परत पाठवताना सोबत दोन पिल्लं देतं. मुक्ताबाईनं तिला परत न पाठवता मिरीला आपल्या नणंदेकडे दिली. तिथे ती एक रवण बसली आणि मग पिल्लं पंखाखाली घेऊन तीन हप्ते हिंडली. आणि मिरीहून, आधीच दिलेल्या खास निरोपाप्रमाणे, तिसगावच्या पलीकडच्या वस्तीवर, छबूबाईच्या थोरल्या लेकीच्या, ज्योतीच्या सासरी. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर लेकीला दिवस गेले होते. माहेरची कोंबडी तेराला तेरा पिल्लं काढते हे सासूला दाखवायचं होतं.

"आन मी बोक्याचं सांगितलं," छबूबाई म्हणाली, "कारन तुमी रोगाचं बोलाय लागला. म्हनलं, कवडीचं नाव निघालं तर सरकार लेकीच्या दारात जाईल. कोंबड्या मारतील. मंग जलमभर पोरीला ऐकावं लागंल, माहेरची कोंबडी रोग घिऊन आली म्हनून."

"हा मवाळ प्रकार आहे. यासाठी कोंबड्या मारत नाहीत."

"सरकार आदी कोंबडी धरतं, मंग कागद वाचतं," ती म्हणाली. मी कागद गुंडाळला.

अंगणात नळ्या आवरणाऱ्या सुनीलनं सगळं ऐकून गाडी काढली होतीच. छबूबाई पुढे बसली. मी मागे बसून पुन्हा पुन्हा त्या कागदाकडे बघत होते. भीती वाटत होती, फार वाटत होती, पण त्या भीतीच्या आत दुसरंही काही होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. एका विषाणूनं तेरा हजार अक्षरांत जी वाट लिहून ठेवली होती तीच वाट या बाईच्या डोक्यात होती, घरांसकट, नात्यांसकट, आठवड्यांसकट. एका रवणाला चार अक्षरं. दोन्ही हिशेब एकाच बोटाच्या पेरावर जुळले होते. मी आयुष्यात देवळात हात जोडले नाहीत असं नाही, पण असे जोडावेसे कधी वाटले नव्हते.

ज्योती पडवीत भिंतीला टेकून बसली होती. ओठांची कड निळसर. श्वास वरच्या वर, कुत्रं धापतं तसा. ताप तीन दिवसांचा. तिची सासू दारात उभी, कमरेवर हात.

"इतकी मानसं कशाला आली?" सासूनं विचारलं.

मी तोंड उघडलं, हंसांचं सांगावं म्हणून. मी वाटेत ठरवूनच ठेवलं होतं, दोष हंसांवर टाकायचा, ते काही ऐकायला येणार नाहीत. पण छबूबाई माझ्या पुढे गेली.

"माज्या कोंबडीनं रोग आनला, विहीणबाई," ती म्हणाली. "मीच धाडली ती. पोरीला बोल लावू नका. जे काय बोलायचं ते मला बोला."

सासूनं तिच्याकडे पाहिलं, मग ज्योतीकडे.

"बोल मागनं लावू," ती म्हणाली. "आदी हिला गाडीत बसवा." आणि स्वतःच ज्योतीच्या काखेत हात घालून तिला उठवलं.

नगरच्या दवाखान्यात ज्योती पाच दिवस प्राणवायूवर होती. घशाचा नमुना मी स्वतः पुण्याला नेला. तोच विषाणू, बाजारातल्या कोंबड्यापेक्षा एका अक्षरानं पुढे. झाडावर मी ती फांदी काढली. आजवर तिथे कोंबड्यांचे क्रमांक होते. आता तिथे कपाळाला टिकली लावलेली सव्वीस वर्षांची एक बाई होती, जिनं मला गाडीत खोकत खोकत विचारलं होतं, "ताई, बाळ हालतंय. म्हंजे बरं हाय न्हवं?" घरच्या आणि शेजारच्या एकोणीस जणांचे घसे तपासले. आणखी कुणातही तो नव्हता. तो ज्योतीपाशी थांबला होता. पुढे गेला नाही.

पहिले दोन दिवस छबूबाई वॉर्डाच्या दारातून हलली नाही. मी गेले की ती एकच विचारायची, "नऊ दिस आदी आनली असती तर?" मला वाटायचं ती मला विचारतेय. टेम्पोंचे नऊ दिवस मी कुणाला सांगितले नव्हते. मग कळलं की ती स्वतःला विचारत होती. ज्योतीचा खोकला नऊ दिवसांचा होता आणि तिनं लेकीला फोनवर काढा सांगितला होता. शेवटी मी तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि माझे नऊ दिवसही सांगून टाकले. ती मग म्हणाली, "मंग आपन दोगी बी येडपट." तेवढ्यानं मला फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी औषध लागू पडलं. सहाव्या दिवशी ज्योतीनं भाकरी मागितली.

एक कोडं उरलं होतं. तळ्यावरचा हंस आणि अंगणातली कोंबडी एकमेकांना भेटले कुठे? सुनीलनं ते सोडवलं. त्यानं ज्योतीच्या सासरहून कवडीची पाटी आणली, म्हणजे ती अंड्यांवर बसते ती वेताची टोपली. कोंबडीसोबत तिची पाटी फिरते, कारण पूर्ण रवण उतरलेली पाटी धुवायची नाही, गुण जातो, असा बायकांचा समज. प्रत्येक घर जुन्यावरच नवं अंथरतं. आम्ही प्रयोगशाळेत ती पाटी एकेका थरानं उघडली. सगळ्यात वर तुरीचा भुसा, तो तिसगावकडचा. त्याखाली बाजरीचं काड, मिरीचं. त्याखाली उसाचं पाचट, सोनईचं. आणि तळाशी वाळलेलं मऊ गवत, तळ्याकाठचं, कारभारींनी त्या पहाटे माझ्यासमोर कापलेलं. त्या गवतात एक करडं पीस होतं आणि हंसाच्या विष्ठेचे कोरडे कण. एका हातभर पाटीत मंगोलिया तळाला होता आणि वर ज्योतीचं अंगण होतं, आणि मधले सगळे थर क्रमानं, जसेच्या तसे होते.

मार्चात हंस गेले. कारभारींनी फोन करून सांगितलं, "पाव्हनं उडालं." एवढंच, आणि फोन ठेवला.

एप्रिलच्या शेवटी ज्योतीला मुलगी झाली, नगरलाच, पुऱ्या दिवसांची, पावणेतीन किलोची. नाळेतलं रक्त घेऊ का, असं मी ज्योतीला आधीच विचारून ठेवलं होतं. तिनं होकार दिला होता. ते रक्त मी पुण्याला नेऊन तपासलं.

त्या रक्तात खूण होती. विषाणू नाही, विषाणूची ओळख. ज्योतीच्या शरीरानं त्या आजाराशी झगडताना जी हत्यारं घडवली ती तिनं नाळेतून मुलीला देऊन टाकली होती. जिनं अजून ऊन पाहिलेलं नाही, वारा पाहिलेला नाही, तिच्या रक्ताला हिमालयापलीकडून आलेल्या एका पाहुण्याचा चेहरा ठाऊक होता. मी खुर्चीत बसून राहिले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, काही चुकलंय का?" मी नकारार्थी मान हलवली. काहीच चुकलं नव्हतं, सगळं इतकं अचूक होतं की त्याचीच धास्ती वाटत होती.

बाराव्या दिवशी मी छबूबाईकडे गेले. ज्योती बाळंतपणाला माहेरी आली होती. ओट्यावर कवडी होती, बरी झालेली, नेहमीसारखी तिरसट. तिची पाटी उन्हात उपडी घातलेली होती, धुऊन, घासून, वेताच्या काड्या पांढऱ्या पडेपर्यंत. छबूबाईनं माझी नजर ओळखली.

"धुतली," ती म्हणाली. "गुन गेला तर गेला."

मी तिला रक्ताचं सांगितलं. आईकडून लेकीला कसं जातं, नाळेतून, न मागता. तिनं ऐकून घेतलं.

"कोंबडी बी तसंच करती का?"

"करते. अंड्याच्या बलकातून. पिल्लाला पहिले दोन-तीन हप्ते तेच पुरतं."

"मंग हिला किती दिस पुरंल?"

"सहा महिने. त्यानंतर पुसून जाईल."

"पुसू दे," छबूबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि या वेळी मलासुद्धा कळलं की ते खरे आहेत. "तवर तिचं तिला सुदरंल."

मग तिनं तो कागद मागितला. आता त्यावर मिरी होतं, ज्योती होती. तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि ज्योतीच्या फांदीच्या टोकावर बोट टेकवलं. "हितनं म्होरं हिला काढा."

शास्त्रानं पाहिलं तर हे चूक होतं. ते झाड विषाणूचं होतं, माणसांचं नव्हतं, आणि मुलीत विषाणू नव्हताच. बाबांनी असल्या आकृतीला शून्य गुण दिले असते. मी पेन्सिल काढली.

"किती लांब काढू?" मी विचारलं.

छबूबाईनं तर्जनी आडवी ठेवून कागदाच्या कडेपर्यंतची जागा मोजली. एकच पेर भरलं. तिनं ज्योतीकडे पाहिलं, सहा वर्षं वाट पाहिलेल्या आपल्या लेकीकडे.

"ह्या कागदात मावायची न्हाई ती," छबूबाई म्हणाली. "तुमी सुरू करा. बाकीची ती काढंल."

मी कागदाच्या कडेपर्यंत रेघ काढली आणि तिथे थांबले. मांडीवर ती झोपली होती.